ग्रीक नावांवरून आलेले इंग्रजी शब्द शिकताना

नावांची यादी पाठ करत बसू नका. आधी त्या माणसाची गोष्ट वाचा, मग इंग्रजीने त्याचं काय केलं ते बघा. ग्रीक पुराणकथेत शिक्षा भोगणाऱ्या टँटलसचं सरळ आहे. तो पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी ओसरतं. डोक्यावरची फळं हात उंचावताच वाऱ्याने दूर जातात. 'टँटलाइझ' म्हणजे आशेला लावून तरसवणं, हे मग वेगळं घोकावं लागत नाही.

खरी मजा, आणि खरा धोकाही, अर्थ उलटतो तिथे. 'इलियड' या ग्रीक महाकाव्यातला हेक्टर म्हणजे ट्रॉय नगरीचा आधारस्तंभ. तान्हं लेकरू शिरस्त्राणाला घाबरलं म्हणून ते काढून खाली ठेवणारा बाप. इंग्रजीत मात्र 'हेक्टर' हे क्रियापद दमदाटी करण्यासाठी आहे! सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर धुडगूस घालणाऱ्या टोळक्यांना 'हेक्टर' म्हणत, तिथून हा अर्थ रुजला. तेव्हा कुणाच्या शौर्याचं कौतुक करताना हे क्रियापद चुकूनही वापरू नका.

एपिक्युरसवर तर अन्यायच झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या पाव-पाण्यावर भागवणारा, मेजवानी करावीशी वाटली तर मित्राकडे थोडंसं चीज मागणारा हा तत्त्वज्ञ. आणि 'एपिक्युअर' कोण, तर उंची खाण्यापिण्याचा दर्दी.

लिहिताना पहिलं अक्षरही सांभाळा. ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस याचा मित्र मेंटॉर असेल तर कॅपिटल, मार्गदर्शक या अर्थाने स्मॉल.