तिकीट हातात, तरी रांगेत का? बुर्ज खलिफाबद्दलचे वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबर जवळ आला की दुबईच्या सहलीबद्दलची पत्रं वाढतात, आणि निम्म्या पत्रांत बुर्ज खलिफाची रांग असतेच. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. शेवटी न्यूयॉर्कचाही एक प्रश्न घेतला आहे, कारण अडचण तीच आहे.

प्रश्न : १२४-१२५ व्या मजल्याचं तिकीट शेजाऱ्यांनी महिनाभर आधी ऑनलाइन काढलं होतं. तरीही त्यांना बराच वेळ उभं राहावं लागलं. मग आगाऊ तिकिटाचा फायदा काय? – एक वाचक, कोल्हापूर

फायदा आहे, पण एकाच रांगेपुरता. तिथे रांगा चार लागतात : तिकीट खिडकीची, सुरक्षा तपासणीची, वर जाणाऱ्या लिफ्टची आणि खाली येणाऱ्या लिफ्टची. आगाऊ तिकिटाने पहिली टळते, बाकीच्या तीन तशाच राहतात. तिकिटावर छापलेली वेळ आत शिरण्याची असते, लिफ्टमध्ये पाऊल ठेवण्याची नाही. गर्दीच्या दिवशी या दोन्हींत पाऊण तासाचं अंतर सहज पडतं.

लिफ्ट ताशी ३६ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला १० मीटरच्या वेगाने धावते आणि मिनिटभरात १२४ वा मजला गाठते. खोळंबा वेगामुळे होत नाही, डब्याच्या मापामुळे होतो. लिफ्ट दुमजली असली तरी एका कप्प्यात १२ ते १४ माणसंच मावतात. तुमच्या पुढे चाळीस जणांचा टूर ग्रुप असला की दीड-दोन फेऱ्या त्यातच जातात. तपासणीच्या रांगेत पुढे छत्र्या-टोप्यांचा एकसारखा घोळका दिसला तर तो लिफ्टपाशीही तुमच्या पुढेच असणार, हे गृहीत धरा.

चौथ्या रांगेबद्दल कुणी आधी सांगत नाही. वर माणसं वेळेच्या हप्त्यांनी सोडतात, पण खाली उतरायची वेळ कुणाच्याच तिकिटावर नसते. साडेतीनला गेलेला, चारला गेलेला, साडेचारला गेलेला असा प्रत्येक जण सूर्यास्तासाठी थांबतो, शहराचे दिवे लागले की फोटो काढतो आणि मग सगळे एकदमच खाली निघतात. त्या तासात उतरायची रांग चढायच्या रांगेपेक्षा लांब होते. यावर उपाय दोनच. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लिफ्टकडे निघा, नाहीतर सरळ तास-दीड तास वरच थांबून लोंढा ओसरू द्या. मधल्या वेळात निघाल तर अडकाल.

प्रश्न : सूर्यास्त वरूनच बघायचा आहे. नेमकी कोणती वेळ घ्यावी? – एक वाचक, नाशिक

आधी तुमच्या तारखेचा सूर्यास्त बघा. दुबईत डिसेंबरच्या सुरुवातीला तो साडेपाचच्या सुमारास होतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साडेसहाला आणि जूनअखेर सातच्या पुढे दहा-बारा मिनिटांनी. नोव्हेंबर ते मार्च या तिथल्या हंगामात सूर्यास्ताच्या दीड तास आधीची वेळ घ्या. मे ते सप्टेंबर गर्दी कमी असते, तेव्हा तासभर आधीची पुरते. म्हणजे डिसेंबरात चारची आणि मेच्या मध्यात सहाच्या आतबाहेरची.

खिशाचाही विचार करा. एकाच मजल्याचं तिकीट वेळेनुसार स्वस्त किंवा महाग असतं, आणि दुपारनंतर दर चढतो. बुकिंगच्या पानावर त्या दिवसाच्या सगळ्या वेळा उघडून दर नेमका कुठे वाढतो ते शोधा. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो, त्यामुळे शेवटची स्वस्त वेळ घेऊन वर दोन-अडीच तास काढणं जमण्यासारखं आहे. फक्त खाण्याचे पदार्थ वर नेता येत नाहीत, तेव्हा मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी खाऊ घाला.

जाता जाता एक गंमत. एवढ्या उंचीवरून सूर्य जमिनीपेक्षा उशिरा मावळताना दिसतो. २०११ च्या रमजानात दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना दोन मिनिटं आणि १५० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना तीन मिनिटं थांबून रोजा सोडायला सांगितलं होतं. तेव्हा घड्याळात सूर्यास्ताची वेळ झाली म्हणून कॅमेरा बंद करू नका.

सूर्यास्ताचा आग्रह नसेल तर आमचं मत सकाळच्या पहिल्या एक-दोन वेळांना. चारही रांगा तेव्हा सर्वांत लहान असतात आणि दरही कमी असतो. पण डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे धुकं पडतं आणि कधी कधी उन्हं वर येईपर्यंत हटत नाही. त्या महिन्यांत उघडताक्षणीची वेळ घेण्यापेक्षा नऊ-दहाची घ्या. मे महिन्यात अडचण उलटी : धुकं नसतं, पण दुपारी धूळ आणि उष्म्याने क्षितिज पांढुरकं होतं. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच जाणार असाल तर रात्रीची वेळ उत्तम. दिवे धुरकट हवेतही चांगले दिसतात.

प्रश्न : फास्ट ट्रॅक घ्यावा, की थेट १४८ व्या मजल्याचं महाग तिकीट? – एक वाचक, पुणे

दोन्ही एकच काम करत नाहीत. फास्ट ट्रॅकने मजला तोच, म्हणजे ४५२ मीटरवरचा १२४ वा आणि त्याच्या वरचा १२५ वा. फक्त चढताना वेगळी वाट मिळते. १४८ वा मजला ५५५ मीटरवर आहे. त्याच्या तिकिटाला स्वागतकक्ष वेगळा आणि गट लहान. उतरताना १२५ आणि १२४ वा मजलाही बघता येतो. किंमत साध्या तिकिटाच्या दुपटीच्या आसपास जाते.

नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा, ईदची सुट्टी किंवा शनिवार-रविवारची संध्याकाळ असेल तर जादा पैसे सार्थकी लागतात. लक्षात ठेवा, २०२२ पासून अमिरातीत साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस. ‘शुक्रवारी सुट्टी’ ही जुनी माहिती धरून बरेच लोक आजही रविवारची वेळ घेतात आणि गर्दीत सापडतात. मंगळवारी सकाळी अकरासाठी फास्ट ट्रॅक घेणं मात्र उधळपट्टी. आणि केवळ उंचीसाठी १४८ वर जाणार असाल तर थोडा विचार करा : तिथून इमारती इतक्या लहान दिसतात की कारंजी आणि आजूबाजूचे रस्ते १२४ वरूनच जास्त ओळखू येतात.

प्रश्न : दुसऱ्या एका वेबसाइटवर हेच तिकीट स्वस्त दिसलं. घ्यावं का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मिळणार आहे ते तिकीट की व्हाउचर, एवढंच आधी वाचा. तारीख-वेळेसह क्यूआर कोड येत असेल आणि तो थेट प्रवेशद्वारावर चालत असेल तर हरकत नाही. ‘खिडकीवर बदलून घ्या’ असं लिहिलं असेल तर तुम्ही पैसे देऊन पहिली रांग विकत घेतलीत. ‘खुली तारीख’ असेल तर त्याहून वाईट, कारण हवी ती वेळ शिल्लक असेलच असं नाही.

पैसे भरताना कार्डाचं पान ‘रुपयांत की दिरहॅममध्ये’ विचारेल. दिरहॅम निवडा; रुपयांचा पर्याय दिसायला सोपा, पण त्यातला विनिमय दर बहुधा महाग असतो. तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा लागतोच. तिकीट रद्द करून पैसे परत मिळत नाहीत, म्हणून विमान उतरण्याच्याच दिवसाची वेळ घेऊ नका. तिकिटावरची वेळ दुबईची असते, आपल्यापेक्षा दीड तास मागची. भारतात असताना फोनच्या कॅलेंडरमध्ये हाताने नोंद केली असेल तर तिथे पोचल्यावर ती दीड तास आधीची दिसेल. खरी वेळ तिकिटावरची.

प्रश्न : मेट्रोने गेलो तर किती आधी निघावं? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना फार चालवत नाही. – एक वाचक, ठाणे

त्या बरोबर असतील तर मेट्रो नको. लाल मार्गावरच्या बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्थानकापासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूल सुमारे ८२० मीटरचा आहे. सरकते पट्टे आहेत, पण सलग नाहीत. पूल मॉलच्या वरच्या मजल्यावर उघडतो आणि १२४ व्या मजल्याचं प्रवेशद्वार आहे लोअर ग्राउंडवर, म्हणजे मॉलमध्येही बरंच अंतर आणि खाली उतरणं आलं. धडधाकट माणसालाही स्थानकावर उतरल्यापासून अर्धा तास धरावा लागतो. टॅक्सीने जातानाही एक चूक होते : टॅक्सीवाला ‘बुर्ज खलिफा’ ऐकून इमारतीच्या निवासी दारापाशी सोडतो आणि तिथून मॉलपर्यंत वळसा पडतो. टॅक्सीत ‘दुबई मॉल’ असंच सांगा.

मॉलच्या मदत कक्षात व्हीलचेअरची चौकशी करा, पासपोर्ट किंवा अन्य ओळखपत्र जवळ असू द्या. व्हीलचेअरने वरपर्यंत जाता येतं. तपासणीपाशीच कर्मचाऱ्यांना सांगितलंत तर ते लिफ्टकडची सोयीची वाट दाखवतात. रांगेच्या मधोमध पोचल्यावर सांगून उपयोग होत नाही, कारण दोरांच्या वळणांतून मागे फिरणं कठीण जातं.

प्रश्न : ट्रायपॉड नेता येतो का? – एक वाचक, रत्नागिरी

नाही. मोठी बॅगही नाही. या दोन गोष्टींमुळे तपासणीवर माणसं अडतात आणि मागची रांग थांबते. हॉटेलवरच ठेवून या.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. एम्पायर स्टेट बिल्डिंगला हीच युक्ती चालेल का? – एक वाचक, सातारा

बरीचशी. तिथेही वेळेचं तिकीट असतं, सूर्यास्ताला तशीच झुंबड आणि एक्सप्रेस पासची तशीच सोय. प्रवेश पश्चिम ३४ व्या रस्त्यावरून आहे, फिफ्थ ॲव्हेन्यूवरून नाही. एक फरक मोठा आहे : लिफ्ट ८० व्या मजल्यापर्यंत नेते आणि उघडा सज्जा आहे ८६ व्या मजल्यावर, ३२० मीटर उंचीवर. मधल्या सहा मजल्यांसाठी दुसरी लिफ्ट, आणि खरी कोंडी तिथे होते. गर्दी असेल तेव्हा कर्मचारी जिना वापरायची मुभा देतात. गुडघे साथ देत असतील तर लगेच हो म्हणा. उतरतानाही ८६ ते ८० जिना मिळाला तर घ्या.

अनेक ठिकाणांचा एकत्रित पास घेतला असेल तर त्यावर वेळ आपोआप राखली जाते असं समजू नका. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी नोंदणी लागते का ते पास घेतानाच तपासा. ढग खाली उतरले असतील तर ८६ व्या मजल्यावरून पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. मुलगा जवळच राहतो, म्हणून हाताशी चार-पाच दिवस असतील. तिकीट आदल्या रात्री हवामान बघूनच काढा. सकाळी पहिल्या तासात जा, किंवा रात्री उशिरा, शेवटच्या लिफ्टची वेळ आधी बघून.