तपासणी होतेच, मग रक्तदात्याला इतके प्रश्न कशासाठी?

प्रत्येक पिशवीतले रक्त तपासले जातच असेल, तर दात्याला आधी इतके खासगी प्रश्न का विचारतात, असे आपण विचारले आहे. रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केल्यामुळे मी त्या प्रश्नांना तपासणीचाच भाग मानतो, कारण तिथे जे निसटते ते पुढे यंत्राला सापडेलच याची हमी नसते.

संसर्ग झाल्यावर काही दिवस विषाणू रक्तात असूनही चाचणीत दिसत नाही. या काळाला विंडो पीरियड म्हणतात. एचआयव्हीची केवळ अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रथिन) शोधायची तर तो साधारण ३ आठवड्यांचा असतो, अँटीबॉडीबरोबर पी-२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचेच एक प्रथिन, शोधणाऱ्या चाचणीत त्याहून काही दिवस कमी असतो, आणि विषाणूचा जनुकीय अंश थेट पकडणाऱ्या नॅट चाचणीत सुमारे १० दिवसांवर येतो. हेपॅटायटिस सीमध्ये हा फरक आणखी मोठा आहे, कारण तिथे अँटीबॉडी दिसायलाच २ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. नॅटनेही हा काळ शून्य होत नाही. शिवाय अनेक दात्यांचे नमुने एकत्र करून तपासले, तर अगदी अल्प प्रमाणातला विषाणू विरळ होऊन निसटण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणूनच गेल्या काही आठवड्यांतल्या धोक्याबद्दल दात्याने दिलेल्या खऱ्या उत्तराची जागा कोणतीही चाचणी घेऊ शकत नाही. नात्यातल्या माणसाचे रक्त आपोआप अधिक सुरक्षित असते हा समजही याच कारणाने फोल आहे. घरच्यांसमोर खरे सांगण्याचा संकोच उलट जास्त असतो.

प्रत्यक्ष तपासणी पिशवीतून रक्त काढून होत नाही. सुईतून येणारे पहिले काही मिलिलीटर रक्त, ज्यात त्वचेवरचे जिवाणू येण्याची शक्यता सर्वाधिक असते, वेगळ्या छोट्या पिशवीत वळवतात आणि नमुन्याच्या नळ्या त्यातूनच भरतात. नळ्यांवर आणि मुख्य पिशवीवर एकच बारकोड असतो. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी आणि सिफिलिस या चाचण्या सर्वत्र आवश्यक मानल्या जातात, आणि हिवतापासारख्या आजारांची तपासणी त्या त्या प्रदेशानुसार होते. एलायझा या रंगबदलावरून संसर्ग ओळखणाऱ्या चाचणीच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये बाकीचे खळगे जवळजवळ रंगहीन असताना एखादा गडद पिवळा दिसला, की ती पिशवी तिथेच अडकते. नमुना पुन्हा तपासतात, पण पहिल्या निकालाचा अर्थ दात्याला आजार आहेच असा नसतो. त्यासाठी वेगळी खात्रीची चाचणी लागते. पिशवी मात्र संशयावरच बाद होते, आणि मला तेच योग्य वाटते.

प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींची, गोष्ट जरा निराळी आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात, पण प्लेटलेट २० ते २४ अंशांना सतत हलवत ठेवाव्या लागतात, आणि त्या तापमानाला जिवाणूही आनंदाने वाढतात. त्यामुळेच त्यांची मुदत सहसा ५ दिवसांची असते.

रक्तगट जुळवणे आणि क्रॉसमॅच यांत रुग्णाचे सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) व दात्याच्या तांबड्या पेशी एकत्र करून गुठळ्या होतात का ते पाहतात. इतके सगळे होऊनही रुग्णाच्या खाटेजवळ नाव आणि पिशवीचा क्रमांक पडताळण्यात चूक झाली, तर निर्दोष रक्तही जीवघेणे ठरू शकते. रक्तदानानंतर एक-दोन दिवसांत ताप आला किंवा एखादे उत्तर चुकीचे दिल्याचे आठवले, तर रक्तपेढीला लगेच फोन करावा. पिशवी वापरली गेली नसेल तर ती त्याच क्षणी बाजूला काढता येते.