पोंगोक: पोहायला या, प्लॉट बघायला नको

तुमचा प्रश्न असा की बाली सोडून इंडोनेशियातलं एखादं छोटं खेडं बघायचंय आणि जमलं तर तिथं होमस्टेमध्ये थोडे पैसे टाकायचेत, तर कुठलं गाव सुचवाल. मी इचलकरंजीचा, सूतगिरणीच्या नोकरीपायी सात वर्षं जावा बेटावरच्या सोलो शहराजवळ राहतोय, त्यामुळे जे पायाखालचं आहे तेच सांगतो. गाव पोंगोक. मध्य जावा, क्लातेन जिल्हा, पोलानहार्जो तालुका. वस्ती दोनेक हजार. बघायला नक्की जा. पैशाचं काय ते पुढे सांगतो, पण घाईने वाचणाऱ्यांसाठी आत्ताच बोलून ठेवतो, पैसे खिशातच राहू द्या.

या भागाचं सगळं वैभव म्हणजे पाणी. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर पडलेला पाऊस आत मुरतो आणि खाली क्लातेनच्या सपाटीला जागोजाग झऱ्यांनी वर येतो, त्या झऱ्याला जावानीज भाषेत उंबुल म्हणतात. पोंगोकचा उंबुल म्हणजे दगडी काठ बांधलेलं मोठं तळं, तळाला वाळू, पाणी इतकं नितळ की काठावरून मासे मोजावेत. क्लोरीन वगैरे काही नाही, पाणी खालनं येत राहतं आणि पुढं शेताला जातं. मासे खरोखरचे आहेत, लाल-केशरी, पायाला येऊन टोचतात, पहिल्यांदा मी ओरडलोच. आणि तळाशी काय ठेवलंय तर एक जुनी स्कूटर, टेबल-खुर्ची, टीव्ही असलं सामान, त्यावर बसून लोक पाण्याखाली फोटो काढून घेतात. फोटोवाला पोरगा वरनं खुणा करतो, हसा हसा म्हणून, आता तोंडात पाणी जात असताना माणूस हसणार कसा, पण फोटो झकास येतात हे कबूल. तिकीट आपल्या शंभरेक रुपयांच्या आसपास, स्नॉर्केल आणि फोटोचे वेगळे.

आता हे गाव मला का आवडतं ते. हे पूर्वी गरीब गावांत मोजलं जायचं, झरा तेव्हाही होताच, पण त्यात गावातली माणसं आंघोळ करायची आणि कपडे धुवायची, बाकी काही नाही. 2009 मध्ये गावाने स्वतःची कंपनी काढली, तिर्ता मांदिरी नावाची. तिर्ता म्हणजे आपलं तीर्थच, मांदिरी म्हणजे स्वावलंबी. अशा ग्राम-कंपनीला इथं बुमदेस म्हणतात, मालक गाव, सरपंचाच्या घरची नव्हे. तळं नीट केलं, तिकीट लावलं, आणि भांडवल कमी पडलं तेव्हा गावातल्याच लोकांना शेअर घ्यायला लावले, साधारण 50 लाख रुपियापासून. दचकू नका, आपले पंचवीस-सव्वीस हजार होतात, इथं सगळेच लखपती असतात. मग नफ्याचा वाटा त्या घरांना आणि बाकीचा गावाच्या कामांना.

तळ्याजवळच्या एका वारुंगमध्ये, म्हणजे खानावळीत, मी तळलेला नीला मासा खात होतो (नीला म्हणजे तिलापिया, क्लातेनचा हुकमी पदार्थ, कुरकुरीत तळतात आणि सोबत मिरचीचा साम्बाल). वारुंगवाल्या इबूंना, म्हणजे काकूंना, गमतीने विचारलं की मला पण एक साहाम, म्हणजे शेअर, मिळेल का. त्या हसून म्हणाल्या, आधी पोंगोकचं केटीपी काढा. केटीपी म्हणजे इथलं आधार कार्ड समजा. त्यांच्या घरात साहाम होताच, म्हणजे मी तिकीट काढून आत गेलो त्यातले दोन पैसे त्यांचे, आणि वर माशाचे वेगळे. तुमच्या प्रश्नाचं गुंतवणुकीचं उत्तर खरं तर त्या एका वाक्यात आलं.

तरी कायद्याचं पण सांगतो कारण एजंट लोक काहीही सांगतात. 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी हक्काची जमीन, घेताच येत नाही. वापराचा हक्क किंवा लीज मिळू शकतं, त्याच्या अटी वेगळ्या. परदेशी कंपनी काढायची तर गुंतवणूक 10 अब्ज रुपियाच्या वर दाखवावी लागते, जमीन आणि इमारत न धरता, म्हणजे आपले पाचेक कोटी. लहान उद्योग स्थानिकांसाठी राखीव आहेत आणि चार खोल्यांचं होमस्टे त्यातच मोडतं. मग लोक काय करतात, एखाद्या ओळखीच्या इंडोनेशियन माणसाच्या नावावर जमीन घेतात आणि बाजूला एक करारनामा करून ठेवतात. याला इथं नॉमिनी म्हणतात, आणि त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागायची सोय नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने दुसऱ्या एका गावात असंच केलं होतं, पार्टनर माणूस भला होता हो, पण तो वारला आणि त्याच्या पोरांनी करारनामा वाचून शांतपणे चहा पाजला आणि वाटेला लावलं. कोर्टात जायची पण सोय नव्हती.

आणि धंदा म्हणून बघितलं तरी आता जरा अवघडच आहे. पोंगोकचं बघून आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापले उंबुल सजवलेत, उंबुल मांतेन, उंबुल पेलेम, चोक्रो तर आधीपासून होताच, पाणी सगळीकडे तेवढंच नितळ. शेजारच्या वुनुत गावाने 2025 ला उंबुल पेलेमच्या कमाईतनं ईदच्या आधी गावातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळासकट, 2 लाख रुपिया वाटले, हजारेक रुपये होतात आपले. अशा ठिकाणी बाहेरच्याचं भांडवल कशाला लागतंय? जे काही ठरतं ते मुशावारा देसामध्ये, म्हणजे ग्रामसभेत (हिंदीतला मशवरा तोच हा, आणि देसा म्हणजे आपला देश, जसं देशावरचा म्हणतो). तुम्हाला तिथं बसायला खुर्ची मिळेल, मत नाही.

आता जायचं कसं. योग्याकार्ता किंवा सोलोला उतरा, दोन्हींच्या मध्ये 2021 पासून विजेवरची लोकल ट्रेन आहे, भाडं 8,000 रुपिया, चाळीस-पंचेचाळीस रुपये फक्त. देलांगूला उतरा, हे तांदळासाठी नावाजलेलं गाव, आपल्याकडे आंबेमोहोर म्हटलं की भोर-मुळशी आठवतं तसं इथं देलांगू. तिथनं ॲपवरची बाईक-टॅक्सी करा, वाटेत दोन्ही बाजूला भातशेती आणि आभाळ साफ असेल तर समोर मेरापी. त्याच लाइनवर ब्राम्बानान स्टेशन आहे, नवव्या शतकातलं प्रम्बानन मंदिर तिथंच, त्यामुळे एक दिवस मंदिर आणि एक दिवस तळं असं आरामात बसतं. व्हिसा ऑन अरायव्हल 5 लाख रुपिया, 30 दिवस, आणि त्यावर धंदा करायचा नसतो हे पण लक्षात ठेवा.

शाकाहारी असाल तर पेचेल मागा, उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, सोबत टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, पण आधी तांपा तेरासी म्हणा, तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट, ती कशातही असते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. रविवारी आणि ईदच्या सुट्टीत जाऊ नका. रमजान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको, त्या दिवशी पादुसान असतं, उपवासाआधी झऱ्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायची जावानीज रीत, आख्खा जिल्हा पाण्यात असतो. बघायला मजा येते पण मासे त्या दिवशी कुठे जातात काय माहीत. मधल्या वारी सकाळी आठला पोचा, तळं जवळजवळ तुमचंच असतं, आणि पाणी गार असतं, टॉवेल आपला न्या.