दुसऱ्या भागातली झाडं पैसे देऊन घ्यावीत का?

प्रश्न थोडक्यात: वय २४. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. घरी सात एकर कोरडवाहू. 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' या, झाडं लावून चालून येणाऱ्या झॉम्बींना अडवायच्या खेळाचा पहिला भाग कॉलेजात असताना पुरा खेळलो, आता मोबाइलवर दुसरा खेळतो. सात महिन्यांत त्यात ३,१२० रुपये गेले. जूनच्या दाखल्यांच्या गर्दीत २,५०० रुपये जास्तीचे हाती आलेत. सवलतीत दिसणारी झाडं एकदाची घेऊन टाकू का?

भाऊ, नका घेऊ. खेळ वाईट आहे म्हणून म्हणत नाही. दुसरा भाग मलाही आवडतो. इजिप्त, समुद्री चाचे, वाइल्ड वेस्ट अशा वेगवेगळ्या काळांत नेणं, झाडाला खत दिल्यागत 'प्लँट फूड' देऊन क्षणभर त्याची ताकद वाढवणं, हे पहिल्यात नव्हतं. खेळ म्हणून तो पहिल्याच्या तोडीचा आहे. फरक आहे तो पैसे घेण्याच्या रीतीत.

पहिला भाग २००९ चा, पॉपकॅपचा. एकदा विकत घेतला की संपलं. स्नो पी हे झाड तुम्हाला कसं मिळालं होतं आठवा: खेळाच्या पहिल्या, 'दिवस' भागातल्या सुरुवातीच्या पातळ्या जिंकून. २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं पॉपकॅप घेतली आणि २०१३ चा दुसरा भाग फुकट आला. फुकट दिलेल्या खेळाची कमाई आतल्या खरेदीतून होते, म्हणून तेच स्नो पी, तेच स्क्वॉश पैशांच्या झाडांत जाऊन बसलं. पुढे झाडांना लेव्हलही आल्या. झाड घेतलं तरी ते वाढवायला बियांची पाकिटं आणि नाणी लागतातच. म्हणून 'एकदाची घेऊन टाकू' हा हिशेब इथे बसत नाही. पहिल्या भागाची किंमत होती, दुसऱ्याचा खर्च आहे, आणि तो चालूच राहतो.

तुम्ही पाठवलेली यूपीआयची यादी मी दोनदा वाचली. चौदा खरेद्या, त्यातल्या अकरा रात्री साडेदहानंतरच्या. एका रात्री तर वीस मिनिटांत तीन. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले काढून थकलेला माणूस एकाच पातळीवर पुन्हा पुन्हा हरतो आणि समोर सवलतीची पाटी येते. त्या घडीला कुणाचाही हात जाईल, स्वतःला दोष देऊ नका. पण असे निर्णय त्या वेळी घ्यायचे नाहीत, एवढं ठरवा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा आणि खरेदी दिवसाउजेडीच करा. मुख्य पातळ्या पैसे न देताही पार होतात, वेळ जास्त लागतो इतकंच.

घरचं माप लावून बघा. २०२५ च्या खरिपात बीजी-२ (बीटी) कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. तुमचे ३,१२० म्हणजे तीन पाकिटं आणि वर थोडे. बाबांनी तीन पाकिटं घेतली तर निदान वेचणीची आशा असते. खेळातलं झाड विकताही येत नाही.

तुमची कमाई हंगामी आहे. जूनमध्ये गर्दी, पीक विम्याच्या दिवसांत गर्दी, मधे दुकान थंड. म्हणून पोस्टातली आवर्ती ठेव (आरडी) तुम्हाला जमेल, पण हप्ते चुकायला नकोत. चार चुकले की खातं बंद पडतं. त्यावर सोय अशी की सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या हप्त्यामागे दहा रुपये सूट मिळते. महिना ४०० चं खातं काढा. सहा महिन्यांचे २,४००, सूट ४०, भरायचे २,३६०. सध्या महिन्याला सरासरी ४४६ खेळात जातातच, त्यामुळे हा हप्ता नव्यानं जड जाणार नाही. पाच वर्षांत २४,००० भराल, ६.७ टक्के दरानं साधारण २८,५४६ परत येतील.

आधार, पॅन, दोन फोटो घेऊन याच आठवड्यात जा. २,५०० मधले १४० उरतात, ते खेळाला ठेवा. त्यात एखादं झाड बसलं तर घ्या, दुपारी.