पुरस्कार कंपनीला, शंका स्वतःवर

“कंपनीला ‘काम करण्यासाठी उत्तम ठिकाण’ असे प्रमाणपत्र मिळाले आहे, मग मलाच इथे गुदमरल्यासारखे का होते?” पुण्यातील आयटी आणि गेमिंग क्षेत्रातल्या तरुणांकडून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो, म्हणून एक अनुभव, तपशील बदलून, मांडत आहे.

परदेशी प्रकाशकांसाठी, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्यांसाठी, काम करणाऱ्या एका गेम स्टुडिओतील एक थ्रीडी आर्टिस्ट समुपदेशनासाठी माझ्याकडे येत असत. गेम बाजारात येण्याआधीच्या ‘क्रंच’मध्ये, म्हणजे शेवटच्या धावपळीत, त्यांनी कित्येक आठवडे रात्री उशिरापर्यंत काम केले होते, श्रेयनामावलीत मात्र केवळ स्टुडिओचे नाव आले, माणसांची नावे आलीच नाहीत. (अटारी ही व्हिडिओ गेम कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी १९८० च्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममधील एका गुप्त खोलीत स्वतःचे नाव लपवले होते, हे मला या आर्टिस्टनीच सांगितले.) तरीही त्यांचा निष्कर्ष एकच असे: “खोट माझ्यातच असणार.”

एकदा मी विचारले, “हे प्रमाणपत्र कशावरून देतात?”

“कर्मचाऱ्यांच्या निनावी सर्वेक्षणावरून.”

“त्यात तुम्ही काय भरले होते?”

ते बराच वेळ गप्प राहिले. “सगळीकडे ‘पूर्ण सहमत’. टीमचे नाव खराब होईल असे वाटले,” असे म्हणून ते स्वतःच हसू लागले. ज्या एकमताच्या धाकाने ते स्वतःला दोषी ठरवत होते, त्यात त्यांचेही मत मिसळलेले होते.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ परंपरेतला, म्हणजे त्रास वाढवणारे अविवेकी समज तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतला. ही परंपरा माणसाला सोसायला शिकवते, हा आरोप मला मान्य नाही. स्वतःविषयीचा चुकीचा समज गळून पडला की परिस्थितीतला खरा दोष उलट अधिक स्पष्ट दिसतो, असा माझा अनुभव आहे. सर्वेक्षण सरासरी सांगते. ती खरी असूनही तुमची तक्रार खरी असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला (कामाने पार थकून जाण्याला) आजार न ठरवता त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाशी जोडला आहे. म्हणून “मी कमी पडतो का?” याऐवजी “मला नेमके काय हवे आहे आणि ते कोणाच्या हातात आहे?” असे विचारावे, आणि मागणी लेखी करावी.

त्यांनी जादा कामाच्या बदल्यात रजा मागितली, ती मिळाली. पुढच्या गेममध्ये वैयक्तिक नावे येतील का, या ईमेलचे उत्तर प्रकाशकाकडे अडकले आहे. यंदाच्या सर्वेक्षणात कामाच्या तासांपुढे त्यांनी ‘असहमत’ नोंदवले.