'राज्यहीन' की 'नागरिकत्वहीन'?

साताऱ्याहून आलेला प्रश्न: 'स्टेटलेस' मुलांविषयी मराठीत लिहिताना 'राज्यहीन' चालेल का? आणि डोमिसाईलच्या दाखल्यावरचं 'राष्ट्रीयत्व' म्हणजेच नागरिकत्व का?

'राज्यहीन' नको. साताऱ्यात तर नकोच. तिथे राज्य गेलेले म्हटलं की 1839 मध्ये गादीवरून दूर करून काशीला धाडलेले प्रतापसिंह महाराज आठवणार. शिवाय आपलं 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक. 1954 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, कोणताच देश आपल्या कायद्याने ज्याला नागरिक मानत नाही, तो 'स्टेटलेस'. म्हणून 'नागरिकत्वहीन'. जिभेला जड आहे, पण अर्थ चुकत नाही. 'निर्वासित'ही नको, जन्मगाव कधी न सोडलेला माणूससुद्धा नागरिकत्वहीन असतो.

दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. त्यातलं राष्ट्रीयत्व व्यवहारात नागरिकत्वच. अधिवास वेगळा: विट्याचा गलाईवाला (सोनं-चांदी गाळणारा) कोइमतूरला कायमचा राहिला तर अधिवास बदलेल, नागरिकत्व नाही.

खरी मेख 'वंश' या शब्दात आहे. 'वंशाने मिळणारं नागरिकत्व' असं आपण सर्रास लिहितो, आणि मराठी कानाला वंश बापाचाच ऐकू येतो. वंशाचा दिवा मुलगाच की! आपला कायदाही तसाच होता. परदेशात जन्मलेल्या मुलाला 10 डिसेंबर 1992 पूर्वी वडील भारतीय असतील तरच हा हक्क मिळे, त्यानंतर आई किंवा वडील कोणीही चालतं. 3 डिसेंबर 2004 पासून मात्र वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवावा लागतो, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी.

नेपाळीत तर हा भेद शब्दांतच उतरलाय: 'वंशज' आणि 'अंगीकृत' (म्हणजे अर्ज करून मिळवलेली) नागरिकता. आई नेपाळी नि वडील परदेशी, तर 2015 च्या संविधानानुसार मुलाच्या वाट्याला 'अंगीकृत'. लेबनॉनमध्ये आई लेबनीज नि बाप परदेशी असेल, तर मूल लेबनीज ठरत नाही. तो बाप स्वतःच नागरिकत्वहीन असला, किंवा कागद न करता निघून गेला, की मूल दोन्हीकडून सुटतं.

तेव्हा आपल्या कायद्याबद्दल 'आई किंवा वडिलांमुळे मिळणारं नागरिकत्व' लिहा. कायदा फक्त बापाचं मोजत असेल तिथे सरळ 'पितृवंशाने' म्हणा.