जबाबात लिहायचं राहिलं ते

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. रात्रपाळीहून आलो की लिहायला बसतो. माझी पहिली गुन्हेकथा, कादंबरीच, लिहून झाली आहे. नायक पंचवटीत वाढलेला फौजदार. तो लहान असताना वडील घर सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. ऑगस्टच्या पुरात गाडगे महाराज पुलाजवळ एका म्हाताऱ्याचं प्रेत सापडतं. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना फोटो, आणि त्यात नायकाचे वडील. तपास करता करता त्याला स्वतःचीच ओळख पटते, असं मला लिहायचं होतं. प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. म्हणाले, "अर्ध्यापर्यंत श्वास रोखून वाचलं, पुढे नायक नुसता विचार करत बसतो." पण मला तर तेच लिहायचं होतं. काय करू?
— एक वाचक, अंबड

उत्तर : तुम्ही पाठवलेली प्रकरणं मन लावून वाचली. प्रकाशकांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमचा हट्टही बरोबर आहे. तो सोडू नका.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, न्यायाधीश सांगायचे आणि मी उतरवून घ्यायचे. उलटतपासात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं : "ही बाब माझ्या पोलीस जबाबात का लिहिलेली नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." त्या एका वाक्यासाठी बचावाचे वकील तासभर वाट तयार करत, कारण महत्त्वाची गोष्ट जबाबात नसेल आणि साक्षीदार ती कोर्टात पहिल्यांदा सांगत असेल, तर ती विसंगती ठरू शकते. पण हे साक्षीदार खोटारडेच असत असं नाही. भाऊ भावाबद्दल काही सांगायचा राहिलेला असे, सून सासूबद्दल. लिहिता लिहिता माझी नजर वर जाई. आपण ते का सांगितलं नव्हतं, हे काहींना तिथे उभं असतानाच उमगत असे. कागदावर मात्र "कारण सांगू शकत नाही" एवढंच उमटे.

तुमच्या कादंबरीत हे वाक्य कुठेच नाही. तुमचा फौजदार फोटो बघतो, पंचनाम्यात लिहितो, मुद्देमालात जमा करतो आणि साहेबांनाही सांगून टाकतो. नोकरी त्यानं चोख केली. त्यामुळे मनातल्या उलाघालीला करायला काही कामच उरलं नाही. ती बिचारी रात्री घाटावर जाऊन बसली, आणि तुम्ही तिला चाळीस पानं दिलीत.

फोटो त्याच्या स्वतःच्या खिशात जाऊ द्या. पंधराव्या पानाच्या आत.

मग बघा काय काय अंगावर येतं. अशा मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते. प्रेताचा पंचनामा होतो आणि त्याला आसपासचे निदान दोन पंच लागतात. तुमच्या हस्तलिखितात पंच 'दोन इसम' आहेत. त्यांना माणसं करा. एक घाटावर फुलं-वाती विकणारी बाई, एक प्रेत बाहेर काढणारा पट्टीचा पोहणारा. त्या बाईनं ती पिशवी पाहिली आहे आणि फौजदाराला ती लहानपणापासून ओळखते. ती काही बोलत नाही, सही करते. पुढे रोज त्याच घाटावरून त्याला जायचं आहे. आता तुम्हाला संवाद लिहिण्याची गरजसुद्धा नाही.

साल नक्की करा. तुमच्या मजकुरात एकीकडे जुन्या दंड संहितेतलं खुनाचं कलम ३०२ आहे आणि दुसरीकडे फौजदार मोबाइलवर जप्तीचं चित्रीकरण करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यानंतरच्या खुनाला १०३ लागतं. झडती-जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानं, त्याच तारखेपासून बंधनकारक केलं. तेव्हा २०१९ च्या ऑगस्टमधला पूर घेतलात, तर फोटो लपवणं त्याला सोपं जाईल आणि साक्षीला फक्त ती बाई उरेल. नव्या कायद्याखालचा काळ घेतलात, तर हवालदाराच्या मोबाइलमध्ये तो हात खिशाकडे जाताना दिसेल. मला पहिला पर्याय आवडतो. यंत्रानं पकडलेल्या माणसाला स्वतःला काही शोधावं लागत नाही.

आता शवविच्छेदन. "फुप्फुसात पाणी सापडलं, म्हणजे बुडून मेला" हे वाक्य काढून टाका. प्रेत पाण्यात टाकलं तरी फुप्फुसात पाणी शिरू शकतं. नदीच्या पाण्यात डायटम नावाचं डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ असतं. बुडताना माणूस जिवंत असेल, तर ते फुप्फुसातून रक्तात उतरतं आणि हृदय चालू असल्यामुळे हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचतं. हृदय आधीच थांबलेलं असेल तर तिथवर जात नाही. म्हणून मांडीच्या हाडातली मज्जा आणि घटनास्थळाचं पाणी दोन्ही तपासायला पाठवतात. हा पुरावा एकट्यानं पुरेसा मानत नाहीत, बाकीच्या खुणांशी ताडून बघतात. तुमच्या गोष्टीत हा अहवाल उशिरा येऊ द्या. तोवर फौजदाराची समजूत ही की म्हातारा पुरात वाहून गेला, फोटो घरी ठेवला तर कुणाचं काय बिघडलं? अहवाल येतो, गुन्हा खुनाचा होतो आणि घरातल्या कपाटात ठेवलेला तो फोटो एकदम खुनाचा पुरावा ठरतो. बाहेर काढला तर नोकरी जाते, नाही काढला तर खुनी सुटतो. इथे तो जे करेल तीच त्याची ओळख. त्यासाठी घाटावरचं एकही स्वगत लागणार नाही.

वडिलांचं पत्र तेवढं नको. शेवटच्या प्रकरणात ट्रंकेत सापडणारी पत्रं वाचकाच्या वाट्याचं काम हिरावून घेतात. सत्य त्या फुलवालीला माहीत आहे, तिला साक्षीला उभी करा. उलटतपासात वकील विचारेल, "पिशवी पाहिल्याचं तुम्ही जबाबात का सांगितलं नाही?" फौजदार मागच्या बाकावर बसलेला असेल. ती काय उत्तर देते ते मला वाचायचं आहे. नव्यानं लिहिलंत की पाठवा.

प्रश्न : माझी नायिका पोलीस नाही, वकीलही नाही. बावन्न वर्षांची गृहिणी आहे, माहेर मखमलाबादचं. धाकट्या बहिणीचा संशयास्पद मृत्यू होतो आणि ही शोध घेते. अशा बाईच्या हातात काय पुरावा येणार?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : सातबारा येणार. मखमलाबादची जमीन म्हटल्यावर भोवती वाढत आलेलं शहर आलं, भाव आले, भाऊ आले. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणूनच बहिणींच्या हक्कसोडपत्रांना एवढं महत्त्व. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, मग फेरफार होतो आणि बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून जातं.

धाकटीनं सही द्यायला नकार दिला होता, एवढं तुम्ही लिहिलंच आहे. थोरलीला निबंधक कार्यालयातून नक्कल काढायला पाठवा. तिच्या हातात जो दस्त येईल त्यावर फोटो तिचा आणि अंगठाही तिचाच असू द्या. तिला कुणी फसवलं नव्हतं. दिवाळीला माहेरचं दार उघडं राहावं म्हणून तिनं समजून सही केली होती, आणि ती सही दाखवूनच धाकटीवर दबाव आणला गेला. खुनी कोण हे तिला मागाहून कळलं तरी चालेल, आधी हा कागद तिच्यासमोर यायला हवा. तुमच्या आराखड्यात ती शेवटपर्यंत निर्दोष आणि दुःखी आहे. अशी बाई तपास करत नाही, तिच्याबाबतीत फक्त गोष्टी घडत जातात.

आणि भावाला राक्षस करू नका. भाऊबीजेची ओवाळणी न चुकता पाठवणारा भाऊ ठेवा.

प्रश्न : खुनी कोण ते पहिल्याच पानावर सांगून टाकलं, तर कादंबरी थरारक राहील का?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : राहील. फक्त ते माहीत असलेलं दुसरं कुणीतरी कथेत हवं, आणि ते गप्प का आहे हे त्यालाही नीटसं ठाऊक नको. पहिली तीन प्रकरणं त्या गप्प माणसाच्या बाजूनं लिहून बघ.